बिस्किटांच्या डब्यातली औषधं

व्रब्निक गावात असा एकही माणूस नाही, ज्याच्या कुल्ल्यावर यागोदाने सुई टोचलेली नाही. यात आमचे पाद्री येतात, दोन माजी सरपंच येतात, मीही येतो. गावात कोणी फार ताठ मानेने चालायला लागलं तर यागोदा नुसती त्याच्याकडे बघून हसते. तो लगेच नीट चालतो.

ती आली चौऱ्याहत्तर साली, घरोघरी फिरणारी सरकारी नर्स म्हणून. काळी सायकल, मागच्या कॅरियरवर स्टीलची चपटी पेटी, पेटीत काचेच्या सिरिंजा. पेटी ज्या घरची चूल पेटलेली असेल तिथे उकळायची. आधी कॉफीचं भांडं उतरायचं, मग ही पेटी चढायची, आणि पाणी खदखदायला लागलं की आजाऱ्याचा चेहरा पडायचा. पण तिचा हात हलका होता. तिची एक युक्ती होती. सुई टेकवायच्या क्षणी ती काहीतरी विचारायची. "तुझ्या सासूचं माहेर कुठलं रे?" माणूस आठवायला लागायचा, आणि आठवेपर्यंत बोळा चोळून ती पेटी बंद करत असायची.

तो काळ जेंटामायसिनचा होता. छातीत कफ, जेंटामायसिन. गळू, जेंटामायसिन. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. आरोग्यकेंद्रातले डॉक्टर चिठ्ठीवर ते नाव डोळे मिटून लिहीत. आज त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण मी तेव्हा इथेच होतो. तिहोमीर सुतार निळा पडला होता आणि महिन्याभरात पुन्हा रंधा मारत होता. बाळंतपणानंतर तापाने फणफणलेली त्याची सून आज आजी आहे. आणि रादे. रादे तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

रादे हा मिलुन्काचा मुलगा. माझं घर त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे त्याचं रडणं मला ओळखू यायचं. दोन वर्षांचा असल्यापासून त्याला अधूनमधून थंडी भरून ताप यायचा. लघवीची वाट जन्मतःच वाकडी होती, लघवी उलटी वर किडनीकडे जायची आणि तिच्याबरोबर जंतूही चढायचे. प्रत्येक वेळी यागोदाच्या सायकलची घंटा वाजायची, आणि दोन-तीन दिवसांत पोर पुन्हा कोंबड्यांच्या मागे धावायचं. सातव्या वर्षी बेलग्रेडला ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटला. पण किडन्यांवर व्रण राहून गेले होते. तेविसाव्या वर्षी दोन्ही बसल्या. मग मिलुन्काने आपली एक दिली. त्याला आता तेरा वर्षं झाली. रादे शहरात गॅरेज चालवतो, त्याला एक मुलगी आहे, तो मोठ्याने हसतो.

डॉक्टरांनी कधीच कोणाला दोष दिला नाही. जंतूंचे व्रण, असंच म्हणाले. पण त्या दरम्यान कधीतरी शहरात नर्सेसचा वर्ग होता, आणि तिथे एका तरुण डॉक्टरने सांगितलं की हे औषध आपलं काम करून किडनीतून बाहेर पडतं, पण सगळं पडत नाही. थोडं आत पेशींमध्ये साचत राहतं. फार दिवस दिलं, किंवा तापाने सुकलेल्या माणसाला दिलं, किंवा आधीच झिजलेल्या किडनीला दिलं, तर ते आतून कुरतडतं. म्हणून आता रक्त तपासून, मोजून द्यायचं असतं. यागोदा दुसऱ्या रांगेत बसली होती. परत आली ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. मला हे नेमकं आठवतं, कारण तेव्हा मला गळू झालं होतं आणि मी तिची वाट बघत पालथा पडलो होतो.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी. त्र्याण्णव साली, युद्धाच्या काळात देशावर घातलेल्या निर्बंधांमुळे औषधांच्या दुकानात फक्त कपाटं उरली होती. तेव्हा यागोदाने घरोघरी सांगितलं, उरलेली एकही गोळी टाकू नका. बिस्किटांचा रिकामा डबा घ्या, त्यात ठेवा, आणि काय आहे ते मला सांगा. कोणत्या डब्यात काय, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. तिहोमीरकडच्या चार कॅप्सूल, पाद्र्यांकडच्या सहा, शाळेतल्या सहा, की झाला एका मुलाचा न्यूमोनिया बरा. त्या हिवाळ्यात व्रब्निकमध्ये औषधावाचून कोणी गेलं नाही. वाईट काळ संपला. डबे राहिले. लोकांना सवय लागली की बरं वाटायला लागलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या. शेजाऱ्याला शिंक आली तरी डबा उघडायचा. निळ्या झाकणावर पवनचक्कीचं चित्र, आत पंचवीस वर्षांची चिकाटी.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक रक्षक संत असतो. मिलुन्काच्या घरचा संत म्हणजे देवदूत मिखाइल, आणि त्याचा दिवस पाच दिवसांवर आला होता. या दिवशी आमच्याकडे कोणाला बोलावत नाहीत, लोक आपणहून येतात, आणि घरच्या कर्त्याने कणकेच्या वेण्या-चिमण्या घातलेला कोलाच, म्हणजे सणाचा गोल पाव, कापायचा असतो. मिलुन्काचा नवरा दीड वर्षापूर्वी गेला. मागचं साल सुतकात गेलं, कोलाच मोठे दीर ल्युबिसाव यांनी गप्प राहून कापला होता. या वर्षी पहिल्यांदा रादे कापणार होता. आणि मिलुन्का स्वयंपाकघरातल्या बाकावर घोंगडी पांघरून बसली होती. दात वाजत होते. उजव्या कुशीवर हात दाबून धरला होता. त्याच बाजूला तिची उरलेली एकुलती एक किडनी.

बातमी कुंपणावरून गेली आणि अर्ध्या तासात घर भरलं. यागोदा आली तेव्हा ल्युबिसाव टेबलाशी उभे होते. समोर त्यांचा डबा.

"आलीस? सगळं तयार आहे. सुई नवी, औषध जुनं."

यागोदाने चष्मा लावून एक बाटली खिडकीकडे धरली. जेंटामायसिन. डब्यात तशा अकरा होत्या, कापसात निजवलेल्या.

"कुठल्या सालचं?"

"चांगल्या सालचं."

"ल्युबिसाव, ही आलुबुखाराची दारू नाही, मुरून चांगली व्हायला."

"तीस वर्षं तूच टोचत आलीस आणि आज नखरे करतेस? ताप आहे, कूस दुखते, लघवी जळते. यावर हेच द्यायचीस की नाही?"

"द्यायचे. तुला आजही देईन, तुझ्याकडे दोन आहेत आणि त्याही दारूत घालून टिकवलेल्या. हिच्याकडे एकच आहे." तिने बाटली परत कापसात ठेवली. "आता मला सांगा, हिला कोणी काय काय दिलंय?"

तिहोमीरची बायको म्हणाली, "मी काल एक दिली. ती नारिंगी."

"नारिंगी काय? झेंडू आहे का?"

"कंबरदुखीची असते ना, ती."

"आणि?"

"मी दोन दिल्या," पाद्रीणबाई म्हणाल्या. "ह्यांच्या दाढेच्या उरलेल्या. मोठ्या असतात, घशात अडकतात त्या."

"एका वेळी दोन?"

"एक काल, एक आज. संपल्याच होत्या."

यागोदा स्टुलावर बसली. सत्तरीची बाई, पण मी तिला कोणाच्या घरी न विचारता बसलेली प्रथमच पाहत होतो. "कंबरदुखीच्या गोळीने हिची किडनी आणखी सुकवलीत," ती हळू म्हणाली, "आणि दाढेच्या दोन गोळ्यांनी जंतूंना नुसती जाग आणलीत. मेले नाहीत ते, सावध झालेत. यात तुमची चूक नाही. डबे मीच ठेवायला लावले. पण सगळे घरी जा. ल्युबिसाव, तूही."

"मी दीर आहे."

"म्हणून तुला अंगणात थांबायची परवानगी आहे."

मी खिडकीखाली लाकडं रचत होतो. मला कोणी जा म्हटलं नाही, म्हणून मी रचत राहिलो.

आत मिलुन्का म्हणाली, "बरं झालं ताई. मला काहीच नको होतं. डोंगरपाल्याचा चहा घेते आहे मी. बेलग्रेडचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, ही एकच उरली, औषधांपासून जप."

"चुकीच्या औषधांपासून जप म्हणाले. जंतूंना पाट मांडून वाढ, असं नाही म्हणाले."

"चहाने उतरेल."

"उतरणार नाही. आणि उतरला नाही तर जंतू रक्तात जातील. चल शहरात. रक्त तपासतील, लघवी तपासतील, तुझ्या किडनीला किती झेपतं ते बघून तेवढंच औषध देतील."

"ठेवून घेतील."

"घेतील."

"पाच दिवसांवर सण आहे. रादे पहिल्यांदा कोलाच कापणार आणि आई दवाखान्यात? आणि ते एकच नाही गं. मी आजारी आहे हे त्याला कळलं की तो पोटावर हात ठेवेल. जिथे माझी बसवली आहे ना, तिथे. बोलत काही नाही, नुसता हात ठेवतो. चोरी केल्यासारखा. मला तो हात बघवत नाही."

चुलीवर तो चहा उकळत होता, त्याचा कडवट वास बाहेरपर्यंत येत होता.

"मिलुन्का," यागोदा म्हणाली, "रादेला मी अकरा वेळा ते औषध दिलं. पाच-पाच दिवस."

"बारा वेळा. एकदा तू बर्फातून चालत आली होतीस, सायकल ओढत."

"बारा. त्यातल्या किती वेळा त्याला वाचवलं आणि किती वेळा झिजवलं, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. तुझ्याशी बोलायचं बोलायचं म्हणून तेरा वर्षं गेली."

"वेडी आहेस का तू?" मिलुन्काला थंडीने नीट बोलता येत नव्हतं, तरी ती हसली. "चार वर्षांचा होता, डोळे वर गेले होते त्याचे. त्या दिवशी तू आली नसतीस तर आज माझ्याकडे दोन किडन्या असत्या. आणि मी त्या घेऊन काय केलं असतं? लोणचं घातलं असतं?"

आतून एक आवाज आला. यागोदा रडली की हसली ते मला लाकडांच्या आडून कळलं नाही.

"मग हेच तुझंही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "तेव्हा तू औषधाला भ्यायली असतीस तर पोर गेलं असतं. आज भ्यालीस तर ही जाईल. नको ते घेतलंस तरी हीच जाईल. मोजून द्यायला आता माणसं आहेत, तेव्हा नव्हती. ऊठ."

"कणीक?"

"कोलाच मी भाजीन."

"तू? तुझा कोलाच म्हणजे सायकलचं चाक असतं, ताई."

"म्हणून म्हणते, लवकर परत ये."

यागोदाने फोन केला आणि तासाभरात रादेची गाडी आली. तो आत शिरला, आईकडे पाहिलं, आणि त्याचा हात पोटाकडे गेला. मिलुन्काने तोंड फिरवलं. पण यागोदाने त्याला दारातच काहीतरी सांगून ठेवलं असावं, कारण त्याने शर्टावरून पोटावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "आई, माझ्याकडची अगदी मजेत आहे. कालच तिला डुकराचं मटण दिलं. तुझ्याकडची का कुरकुरतेय? एकाच घरच्या दोघी बहिणी ना त्या?"

"धाकटी तुझ्याकडे आहे. लाडावलेली."

"मग मोठीला घेऊन चल, बहिणीच्या गाडीतून."

यागोदा मागच्या सीटवर बसली, मांडीवर ल्युबिसावचा डबा. डॉक्टरांना दाखवायला, काय काय पोटात गेलं आणि काय जाता जाता राहिलं ते. दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीची होती. तिने ती जुनी बाटली दिव्याखाली फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही मी ठेवून घेऊ? आमच्या मुलांना शिकवताना लागेल." यागोदा म्हणाली, "घ्या. मला पण ठेवून घ्या, मी त्याच सालची आहे."

आधी लघवीचा नमुना घेतला, मग दुसऱ्या कुळातलं औषध सलाइनमधून सुरू केलं. किती द्यायचं ते रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा बघून ठरलं; आमच्याकडे तो शेकड्यांत मोजतात, आणि किडनी थकली की तो वाढतो. त्या संध्याकाळी तो एकशे एकतीस होता. मिलुन्काचा नेहमीचा नव्वदच्या आत असतो. रादे तो आकडा कागदावर लिहून खिशात घेऊन फिरत होता. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी एकशे बारा. चौथ्या दिवशी नमुन्याचा निकाल आला, औषध बरोबर लागू पडणारं होतं. पाद्र्यांच्या दाढेची गोळी मात्र त्या जंतूंना गोळी वाटतच नव्हती.

इकडे गावात यागोदाची सायकल पुन्हा फिरायला लागली. दर फाटकाशी थांबायची, घंटा वाजवायची आणि सांगायची, "मिलुन्काकडे सणाला येताना यंदा कॉफीचं पुडकं आणू नका. डबा आणा."

"कुठला डबा?"

"तोच."

"अगं, त्यात चांगली औषधं आहेत."

"चांगली आहेत म्हणूनच. ज्याला जी हवी ती, हवी तेव्हा, पुरे दिवस, डॉक्टरांनी दिली तर चांगली. तुझ्या डब्यातून निघाली की ती कोणाची तरी किडनी शोधत फिरतात."

सणाच्या सकाळी दहा वाजता रादेची गाडी आईला घेऊन परत आली. रात्रभर पडलेली पानं झाडून कोणीतरी अंगण स्वच्छ केलं होतं. मिलुन्का हळू चालत होती, पण चालत होती. चौऱ्याण्णव, रादेने फाटकातूनच ओरडून सांगितलं. ज्यांना त्या आकड्याचा अर्थ माहीत नव्हता त्यांनीही टोप्या काढल्या.

मिलुन्का सरळ टेबलाकडे गेली. मेणबत्तीशेजारी कोलाच होता. एक बाजू फुगलेली, एक बसलेली, चिमण्यांपैकी एकीची मान मोडलेली.

"चाक होणार हे माहीत होतं," ती म्हणाली. "पंक्चर पण केलंस?"

"चार दिवस पंपाने भरत होते," यागोदा म्हणाली.

रादेने सुरी घेतली. त्याचे हात गॅरेजमधले, नखांत काळं राहिलेले. त्याने कोलाचच्या पाठीवर क्रूस कापला, वाइन ओतली, मग जेवढे हात पोचले तेवढ्यांनी मिळून तो कोलाच गोल फिरवला. माझाही हात होता. समोर मिलुन्का उभी होती, तिने मुलाच्या हाताला धरलं नव्हतं, कोलाचला धरलं होतं. मोडताना मोठा तुकडा रादेकडे आला. गाणं सुरू झालं. दीड वर्षाने त्या घरात गाणं.

दोन वाजता यागोदाने घड्याळ पाहिलं. उरलेली पाच इंजेक्शनं रोज एक याप्रमाणे घरी द्यायची, आणि ती तिनेच द्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. तिने मिलुन्काला आतल्या खोलीत नेलं. बाहेर साठ माणसं एकदम गप्प झाली, जणू सगळ्यांच्या कुल्ल्यांना जुनी आठवण आली. आतून यागोदाचा आवाज आला.

"मिलुन्का, तुझ्या लग्नात अकॉर्डियन कोणी वाजवलं होतं गं?"

"अकॉर्डियन? थांब... तो नाही का, एका डोळ्याने तिरळा..."

"झालं. स्कर्ट नीट कर."

बाहेर मात्र ल्युबिसाव म्हणाले, तिरळा नव्हता तो, मिलिवोये होता. तिहोमीर म्हणाला, मिलिवोये तेव्हा पलटणीत होता. वाद संध्याकाळपर्यंत चालला, आणि शेवटी मिलुन्कानेच निकाल दिला की तिच्या लग्नात अकॉर्डियन नव्हतंच, क्लॅरिनेट होती. तिला इंजेक्शन घेताना ते आठवायला हवं होतं, पण यागोदाने वेळ दिला नाही.

जिन्याखाली डबे रचले होते. एक्केचाळीस. निळे, लाल, एक हृदयाच्या आकाराचा, एक पाद्र्यांचा धूप ठेवायचा. ल्युबिसाव सगळ्यात शेवटी आले. दवाखान्यातून रिकामा होऊन परत आलेला आपला डबा त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"हिवाळ्यात मला काही झालं तर?"

"तर मला घंटा मार."

"घंटा तुझ्या सायकलला आहे."

"मग ओरड. तुला ते जमतं."

दुसऱ्या दिवशी रादेने सगळी औषधं गोण्यांत भरून शहरातल्या फार्मसीत जाळण्यासाठी दिली. डबे मिलुन्काकडेच राहिले. तिने ते गरम पाण्याने धुतले, उन्हात कुंपणाच्या खुंट्यांवर पालथे घातले. शेवटचं इंजेक्शन झालं, आणि आठवड्याने रक्त तपासलं तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशी आला, तिचा स्वतःचा. त्या दिवशी तिने परातभर पीठ आणि डुकराची चरबी काढली आणि वानिलीत्से करायला घेतली. आमची सणाची छोटी बिस्किटं, दोन चकत्यांच्या मध्ये जर्दाळूचा मुरांबा, वरून पिठीसाखर. एक्केचाळीस डबे भरायला तिला तीन दिवस लागले. वाटायला यागोदा गेली, सायकलवर, एका फेरीत पाच.

जानेवारीत ल्युबिसावना खोकला झाला. सवयीने त्यांनी डबा उघडला. आत पांढरी साखर आणि चिठ्ठी, यागोदाच्या अक्षरात: "सकाळी एक, संध्याकाळी एक. बरं वाटलं तरी थांबू नये. उरलेलं शेजाऱ्याला देऊ नये."

ते आरोग्यकेंद्रात गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, साधी सर्दी आहे, कुठल्याही औषधाची गरज नाही. ल्युबिसाव चिडून परत आले. मग खिडकीत बसले, डबा मांडीवर घेतला आणि मला हाक मारून एक देऊ का विचारलं. लगेच चिठ्ठीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. अकरा दिवसांनी डबा रिकामा झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी शेवटपर्यंत घेतलं होतं, आणि खोकला सातव्या दिवशीच गेला होता.